जपानी मोबाइलची वाढ: श्रेय केवळ तंत्रज्ञानाचे नव्हे

महोदय,

जपानमधील मोबाइल सेवेच्या वाढीचा विषय निघाला, की तिचे श्रेय जवळजवळ नेहमीच तिथल्या तंत्रज्ञानाला दिले जाते. सारी नोकरी दूरसंचार खात्यात केलेला अभियंता म्हणून या समजुतीविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिच्यामुळे त्या वाढीतला आपल्या सर्वाधिक उपयोगाचा भाग नजरेआड होतो.

तंत्रज्ञान जपानकडे आरंभापासूनच होते. टेलिफोनची प्रतीक्षायादी १९७८ मध्येच संपवणाऱ्या (आमच्याकडे तेव्हा जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे) तिथल्या सरकारी दूरध्वनी महामंडळाने डिसेंबर १९७९ मध्ये टोकियोत मोटारीत बसवायच्या फोनची सेवा सुरू केली आणि सेल्युलर पद्धतीची ती जगातली पहिली व्यापारी सेवा ठरली. मात्र ग्राहकाने २ लाख येन अनामत ठेवायची, दरमहा ३० हजार येन स्थिर आकार भरायचा आणि एवढे करूनही फोन भाड्याचाच वापरायचा, अशी व्यवस्था होती. १९८५ मध्ये महामंडळाचे खासगीकरण होऊन एनटीटी कंपनी झाली. क्योसेराचे काझुओ इनामोरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली डीडीआय आणि टोयोटाचे पाठबळ असलेली आयडीओ याही त्या दशकाच्या अखेरीस मोबाइल सेवेत उतरल्या. तरीसुद्धा मार्च १९९४ अखेर, म्हणजे सेवा सुरू होऊन चौदा वर्षे उलटल्यावर, साऱ्या देशात मोबाइलधारक सुमारे २१ लाखच होते.

मार्च १९९६ अखेर हाच आकडा १ कोटीच्या पुढे गेला. १९९३ मध्ये आलेल्या डिजिटल यंत्रणेने क्षमता वाढवली हे खरेच. पण त्याच वर्षी अनामत रक्कम रद्द झाली, एप्रिल १९९४ पासून ग्राहकाला हँडसेट विकत घेण्याची मुभा मिळाली आणि नव्या कंपन्यांना परवाने मिळून एकेका प्रदेशात चार-चार कंपन्या समोरासमोर आल्या. फोन दुकानात विकला जाऊ लागताच उत्पादकांमध्ये चढाओढ लागली. ग्राहक आणून देणाऱ्या दुकानदाराला कंपन्या एवढे कमिशन देऊ लागल्या, की हँडसेट जवळजवळ फुकट मिळू लागला. ही रक्कम पुढे मासिक बिलातूनच वसूल होत असे, आणि हा दोष जपानी ग्राहकाला पुष्कळ वर्षे भोवला, हेही नमूद करायला हवे.

फेब्रुवारी १९९९ मध्ये एनटीटीच्या मोबाइल कंपनीने, म्हणजे डोकोमोने, आणलेल्या आय-मोडकडेही मी याच दृष्टीने पाहतो. फोनवर बातम्या, रेल्वेची वेळापत्रके, बँकेचे व्यवहार देणारी ही सेवा दीड वर्षात १ कोटी ग्राहकांपर्यंत पोहोचली. तिचे पडद्यावरचे रूप साधेच होते. परंतु मजकूर पुरवणाऱ्याचे शुल्क डोकोमो आपल्या बिलातून गोळा करी आणि त्यातले केवळ ९ टक्के स्वतःकडे ठेवी. उरलेले ९१ टक्के मिळणार हे ठाऊक असल्यामुळेच लहान-मोठ्या व्यावसायिकांनी त्या सेवेसाठी मनापासून मेहनत घेतली. या डोकोमोचे नाव आपल्याकडे २००९ नंतर टाटांच्या भागीदारीमुळे घरोघरी पोहोचले आणि सेकंदाच्या हिशेबाने आकारणी ग्राहकांच्या अंगवळणी पडली, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

पुढे मात्र बाजार डोकोमो, केडीडीआय (डीडीआय, आयडीओ यांच्या विलीनीकरणातून झालेली कंपनी) आणि सॉफ्टबँक या तिघांच्याच हाती एकवटला. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २००६ मध्ये झाली खरी, पण दर चढेच राहिले. ते ४० टक्क्यांनी कमी करण्यास वाव आहे, असे योशिहिदे सुगा यांनी २०१८ मध्ये मुख्य कॅबिनेट सचिव असताना जाहीरपणे सांगितले. एप्रिल २०२० मध्ये राकुतेन चौथी कंपनी म्हणून पूर्ण सेवेसह उतरली, सप्टेंबरमध्ये सुगा पंतप्रधान झाले आणि डिसेंबरमध्ये डोकोमोने २० जीबी डेटाची योजना करांशिवाय २,९८० येनला जाहीर केली. उरलेल्या दोघांनीही दीड महिन्याच्या आत त्याच तोडीच्या योजना पुढे आणल्या.

आपल्याकडेही मोबाइल सेवेत आता मोजक्याच कंपन्या उरल्या आहेत. म्हणून रिचार्जच्या दरवाढीच्या बातमीसोबत कंपन्यांची संख्या, परवान्यांच्या अटी आणि नियामकाची भूमिका यांचीही माहिती आपल्या दैनिकाने नियमितपणे द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, पुणे