पश्चात्तापाची सुट्टी

लाइपझिग,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई आणि पप्पा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी खुशाल आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पाकीट बघितल्याबरोबर आई म्हणेल, "काय झालं गं बाई पोरीला?" काही झालेलं नाही. फोन रोज होतो, तरी पत्र कशाला, ते पुढे येईल. कोट जाड आहे, दोन वेळा जेवते, वजन घटलेलं नाही. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात तो आमच्या किचनमधल्या दिव्याचा दोष.

आई, तू मागे दोनदा विचारलंस, "तिकडे लोक देव मानत नाहीत म्हणे, तू चर्चला जातेस ना?" जाते. शिफ्ट असते म्हणून दर रविवारी जमत नाही, पण जाते. इथले बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत हे खरं आहे. पण म्हणून ते वाईट नाहीत, आणि त्यांच्यात राहून मीही बिघडले नाही.

गंमत म्हणजे देव न मानणाऱ्या या लोकांच्या तोंडी 'पाप' शब्द मात्र सारखा असतो. सिग्नल तोडणाऱ्याला 'रहदारीतला पापी' म्हणतात. आमच्या वृद्धाश्रमातल्या वॉर्डातल्या ८९ वर्षांच्या एक आजी केकचा दुसरा तुकडा घेताना म्हणतात, "आज मी पाप करते." त्यांना साखर आहे. मीच तुकडा अर्धा करून देते आणि उरलेला अर्धा खाते, म्हणजे पापात वाटेकरी मीच.

आपल्या आजीचं आठवतं? ताटात घास राहिला की "पाप लागेल" म्हणायची. चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "बाई, पाप बाहेरून लागायला ते काय काजळ आहे? मार्कचा सातवा अध्याय वाचा, ते माणसाच्या आतून निघतं." आजी म्हणाली, "निघू दे कुठूनही, पोरीनं ताट पुसून खाल्लं ना?"

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण मलाच ती कळायला दोन वर्षं लागली. इथे पश्चात्तापाची सरकारी सुट्टी असते! नाव 'बूस उंट बेटटाग', म्हणजे पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारआधी अकरा दिवस, नेहमी बुधवारी. यंदा १९ तारखेला होती. पूर्वी ती साऱ्या जर्मनीत असायची. १९९५ साली म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीसाठी सक्तीचा विमा सुरू झाला. त्यात अर्धा वाटा मालकांचा. त्यांचा तोटा भरून निघावा म्हणून एक सुट्टी रद्द करून लोकांना एक दिवस जास्त राबवायचं ठरलं, आणि गेली कुठली, तर पश्चात्तापाची. एकट्या आमच्या साक्सनी राज्याने ती सोडली नाही. त्याबदल्यात इथला नोकरदार त्या विम्यात इतर राज्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त भरतो आणि मालक तेवढा कमी. म्हणजे पप्पा, तुमची मुलगी कामाला त्याच देखभालीच्या धंद्यात, आणि पश्चात्तापाचे पैसेही तिच्याच पगारातून कापतात!

बरं, इतकं मोजून घेतलेल्या सुट्टीत लोक करतात काय? दुकानं बंद, म्हणून गाडी काढून शेजारच्या राज्यात हालेला नाहीतर थेट बर्लिनला खरेदीला जातात. तिथे तो कामाचा दिवस. माझी केरळची रूममेट बूट घेऊन आली. मलाही बोलवत होती. मी गेले नाही, पण पुण्य म्हणून नव्हे, दुपारची शिफ्ट होती.

पैसे मोजून पापातून सुटका, यावरूनच तर इथलं सगळं रामायण घडलं. क्षमापत्रं विकणारा टेट्झेल याच लाइपझिगमध्ये १५१९ साली वारला. त्या विक्रीविरुद्ध धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ मध्ये वितेनबर्गला ९५ मुद्दे मांडले. मे महिन्यात मी तिथल्या चर्चच्या दारापुढचा फोटो पाठवला होता, तेच हे. जुनं लाकडी दार जळालं, आताचं ब्राँझचं आहे. पहिलाच मुद्दा असा की, ख्रिस्ताने "पश्चात्ताप करा" म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं अशी त्याची इच्छा होती. तेव्हा मला ती जन्मठेप वाटली. आता वाटतं, रोजची भांडी रोज घासण्यासारखं असेल ते. साचली की जास्त जड जातात.

तर बुधवारी सकाळी मी उपासनेला गेले. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. पाळकबाईंनी विचारलं, तू पाप केलंस हे कबूल करतेस का, त्याचं तुला दुःख आहे का? सगळ्यांनी एकदम म्हणायचं 'या', म्हणजे हो. काय केलं ते कुणी विचारत नाही. मीही म्हटलं. पण डोक्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं आपलं वचन मराठीतच सुरू झालं: "जर आपण आपली पापे पदरी घेतली". जर्मनमध्ये तिथे नुसतं 'कबूल करणं' आहे. आजीच्या पदराच्या गाठीत काय काय असायचं! सुटे पैसे, शेंगदाणे, एकदा माझा पडलेला दात. पदरी घ्यायचं म्हणजे गाठ मारून अंगावर वागवायचं. 'या' म्हणून उठून जाता येत नाही.

म्हणून नंतर पाळकबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "देवाची क्षमा आहेच, तिच्यासाठी तुला काही भरायचं नाही. पण खोटं तू आईवडिलांना सांगितलंस ना? मग अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्यांच्याकडे जा." मत्तय, पाचवा अध्याय. तुम्हाला पाठ आहे.

जूनमध्ये आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी म्हटलं होतं की रजा मिळाली नाही. मी रजा मागितलीच नव्हती. वरिष्ठ बाई स्वतःहून देत होत्या, मी नको म्हटलं. परीक्षा आठ दिवसांवर होती आणि तिकीट सत्तर हजाराचं होतं, हेही खरं. पण त्याखाली दुसरंच होतं. मला आजीला तशी बघायचं नव्हतं. इथे कुणी गेलं की मी त्यांना पुसते, स्वच्छ कपडे घालते, खिडकी उघडते. परक्यांचं सगळं करते. आई, तू ते पंधरा दिवस एकटीने काढलेस.

लगेच फोन करून "जाऊ दे गं" म्हणू नका. आधी रागवा.

आज इथे मृतांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येकासाठी मेणबत्ती लावतात. मी आजीचं नाव दिलं होतं. 'शेवंताबाई'चं 'झेवांटाबाय' झालं. आजी असती तर आठवडाभर तेच म्हणून हसली असती.

असो. पैशांचं लिहायचं राहतंय. ३०० युरो पाठवलेत, ते मामांना द्या. आता त्यांचे ९०,००० उरले, उन्हाळ्यापर्यंत फिटतील. तिकिटाचे सत्तर हजार मी खर्चले नाहीत, ते वेगळे पाठवते. त्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करा, पुढे ढकलू नका. बायबलातल्या जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं होतं, माझ्याकडे एकपटच आहे.

संगमनेरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मार्चमध्ये शेवटची परीक्षा आहे, त्यानंतर बोलू. मुलाची जर्मन शिकायची तयारी आहे का, तेवढं विचारा. आणि काकूंना सांगा, मी वृद्धाश्रमात नर्सिंग शिकते असंच सांगायचं, 'मोठ्या हॉस्पिटलात ऑफिसर' नाही.

नाताळला येणं होत नाही. या वेळी खरंच रजा मागितली होती. विश्वास ठेवा म्हणायला मला तोंड नाही, म्हणून नकाराचा कागद सोबत जोडलाय.

तुमची,
बेबी

ता. क. पप्पा, आईला वाचून दाखवताना मधलं पान गाळू नका.