गुरुजी, तुमच्या ट्रान्झिस्टरबद्दल

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

डिसेंबर आला की आमच्या घरी तुमचा विषय निघतोच. आई होती तोवर तीच काढायची. तोंडावर आभार मानायचे मात्र राहून गेले, म्हणून आज चारचौघांत मानतो.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा इथल्या विमानतळांवर हल्ले केले. इंदिरा गांधी कलकत्त्याहून तातडीनं दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर आकाशवाणीवरून बोलल्या, तेव्हा तुमच्या ओट्यावर निम्मी आळी जमली होती. भाषण किती जणांना कळलं देव जाणे. लढाई लागली एवढं सगळ्यांना कळलं.

दादा मराठा लाइट इन्फंट्रीत. त्याच्या पत्रावर पत्ता नुसता ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल; गावाचं नाव नाही. आई निरक्षर. ती रोज बातम्यांच्या वेळेला तुमच्याकडे यायला लागली, तसा तुम्ही शाळेतला नकाशा आणून भिंतीला टांगलात. "आपल्याला बातम्या देत आहेत" असं ऐकू आलं की मी कंदील वर धरायचा, गावाचं नाव आलं की तुम्ही पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं जेसोर झालं, मग तिथलंच जमालपूर. खरखर वाढली की ट्रान्झिस्टर हातात घेऊन अंगणभर फिरायचात. सेल जास्त चालावेत म्हणून दुपारी ते उन्हात मांडलेले असायचे.

पारावर तर रोज नवी वावडी. कराची पडली, अमकी पलटण कापली गेली. युद्धनौका खुकरी बुडाल्याचं कळल्यावर नुसता ऊत आला. आई रडत आली की तुम्ही म्हणायचात, "रेडिओनं सांगितलं तेवढंच धरायचं वहिनी, पुढचं आपण जोडायचं नाही." आणि लढाईत आपला रेडिओही सगळं सांगत नसतो, हे तुम्ही तिच्यापासून लपवलं नाहीत. रात्री बीबीसीची हिंदी लावून दोन्ही ताडून बघायचात. तेवढी अक्कल आज हातात मोबाइल असलेल्यांनाही नाही, असो.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागती पत्करली. गावात गुलाल उधळला. आई मात्र दादाचं पत्र येईपर्यंत तुमच्याकडे येत राहिली, आणि तुम्हीही तिच्यासाठी रेडिओ लावत राहिलात. पत्र आलं तेव्हा कळलं, दादाची पलटण जमालपूरलाच लढली होती.

सेलचे पैसे तुम्ही आईकडून कधी घेतले नाहीत. संक्रांतीला दादा गावी येतोय, दोघं मिळून तुमच्याकडे येऊ. तिळगूळ तरी नाही म्हणू नका.

आपला,
चौथीतला कंदीलवाला