हप्ता भरतो, पण कार्ड कपाटात

लघुउद्योगांत कुशल कामगार टिकत नाहीत, ही उद्योजकांची तक्रार मांडणारी आपल्या अंकातील बातमी वाचली. दोन हजार जास्त मिळाले की माणूस शेजारच्या गाळ्यात जातो, हे खरे; पण अर्धेच.

भोसरीत माझे छोटे वर्कशॉप आहे, माणसे अठरा. गेल्या पावसाळ्यात एक चांगला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर सोडून गेला. हिशेब चुकता करताना कळले, की बायकोच्या ऑपरेशनसाठी त्याने व्याजाने पैसे काढले होते. ते फेडायला त्याला जास्त पगार हवा होता. त्याचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, हप्ता मात्र आम्ही दरमहा भरत होतो! वेतनाच्या सव्वातीन टक्के मालकाचे, पाऊण टक्का कामगाराचा. २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांच्या कुटुंबालाही त्यातून उपचार मिळतात. त्याचे कार्ड ऑफिसच्या कपाटात होते आणि त्यावर बायकोचे नाव चढवलेलेच नव्हते. चूक आमची.

आता नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर घरच्यांची आधार कार्डे मागवून नावे चढवतो. दवाखान्यासाठी अर्धा दिवस भरपगारी सुट्टी देतो. खर्च जवळपास शून्य. ईएसआय दवाखान्यांतील रांगा आणि औषधांची टंचाई मला ठाऊक आहे, (रांगेत मी स्वतः उभा राहिलो आहे.) पण पैसे आपलेच जातात, तर तिथली सेवा सुधारण्यासाठी उद्योजक संघटनांनी जोर लावायला नको का?

– एक लघुउद्योजक, भोसरी (पुणे)