सीमेवरच्या शहराचं कोठार कुठे आहे?

प्रति,
संपादक

स. न. वि. वि.

राक्षसांशी युद्ध चालू असलेल्या सीमेवरच्या काल्पनिक शहरांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. तट किती उंच, बुरूज किती, खंदकात पाण्याऐवजी आग कशी, मांत्रिकांचा मनोरा कुठे, सगळं त्यात आहे. कोठार कुठे आहे ते नाही. मी 31 वर्षं धान्याच्या गोदामात नोंदवह्या सांभाळल्या. कुणी एखादं शहर वेढ्यात घातलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, त्याला माझा इलाज नाही.

तसा माझा आणि राक्षसांचा संबंध नातवामुळे आला. तो सोळा वर्षांचा आहे. तो आणि त्याचे चार मित्रमैत्रिणी दर शनिवारी माझ्या टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा खेळ. पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि गाडं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. आमच्याकडे गोष्ट चालवणारा नातू. त्याने दोन महिने खपून एक शहर काढलं: उत्तरेला दरी, दरीपलीकडे राक्षस, अलीकडे तिहेरी तट. वस्ती 8,000, त्यात लढणारे 2,000. बर्फ वितळल्यावर दक्षिणेकडून कुमक येणार, म्हणजे अजून 90 दिवसांनी. (शहराचं नाव मी इथे फोडत नाही. खेळ अजून चालू आहे.)

नकाशा सुरेख होता. कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यात ‘कोठार’ लिहिलं होतं, 20 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. त्याने सहज विचारलं, “आजी, हे किती दिवस पुरेल?” मुलांना वाटलं मी काहीतरी गोड बोलेन.

मी वही काढली. दोन मीटर उंच रास धरली तर 320 घनमीटर. गव्हाचा घनमीटर साधारण 770 किलो भरतो, म्हणजे 246 टन. पण धान्य असं भिंतीला टेकवून रचत नाहीत. ओल लागते, उंदरांना आडोसा होतो. भिंतीपासून अंतर सोडायचं, थप्प्यांमध्ये माणूस जाईल अशी वाट ठेवायची, खाली लाकडी फळ्या घालायच्या. तिसरा हिस्सा जागा त्यातच जाते. राहिले 164 टन. लढणाऱ्याला दिवसाला 800 ग्रॅम, बाकीच्यांना 500. रोजचा खर्च 4.6 टन. 35 दिवस.

टेबलावर शांतता पसरली. मग एकाने मंत्र काढला. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत अन्नपाणी निर्माण करण्याचा एक मंत्र आहे, त्याने 15 माणसांचं एका दिवसाचं भागतं. शहरात तो मंत्र येणारे पुजारी नऊ, प्रत्येकाला दिवसातून दोनदा तो साधतो. नऊ दुणे अठरा, अठरा गुणिले पंधरा, 270 माणसं. आणि त्याच पुजाऱ्यांनी तीच शक्ती खर्चून जखमींनाही उभं करायचं असतं. पाण्याचा मंत्र निघाला तो आणखी मजेशीर. एका वेळी दहा गॅलन, म्हणजे 38 लिटरच्या आसपास. आपत्तीत माणशी दिवसाला किमान 15 लिटर धरतात, आठ हजार माणसांना एक लाख वीस हजार लिटर. रोज तीन हजारांहून जास्त वेळा मंत्र म्हणावा लागेल. नकाशात विहीर एकच होती. नातवाने मुकाट्याने खोडरबर घेतलं आणि चौकाखाली टाकं काढलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मुलांनी आपसांत कुजबुज केली आणि मतदान घेतलं. लढणारे 2,000 तेवढे आत ठेवायचे, उरलेले 6,000 रात्री दक्षिण दरवाजाने बाहेर काढायचे. मग धान्य 102 दिवस पुरतं, कुमक येईपर्यंत निभावतं. हिशोब बरोबर होता. मीच शिकवलेला होता. चार विरुद्ध एक मतांनी ठराव झाला आणि नातू म्हणाला, “ठीक आहे, ते सुरक्षित ठिकाणी गेले.” पुढचा प्रसंग राक्षसांच्या सेनापतीचा.

आपल्या लेखातही नेमकं हेच वाक्य आहे, “बायकामुलांना सुरक्षित स्थळी हलवल्यानंतर.” संपादक महाशय, हे स्थळ कुठे असतं? चारी बाजूंनी वेढा पडलेल्या शहराच्या बाहेर सुरक्षित स्थळ असेल तर मग शहर तरी तिथेच का नाही वसवलं?

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन बसले. हा ठराव याआधी माणसांनी केलेला आहे, राक्षस नसताना. इ.स.पू. 52 मध्ये रोमन सेनापती सीझरने आजच्या फ्रान्समधल्या आलेसिया शहराला वेढा घातला तेव्हा आतल्या गॉल (तिथल्या टोळ्यांच्या) सरदारांनी ठरवलं, वयाने किंवा प्रकृतीने लढू न शकणाऱ्यांनी बाहेर जावं. बाहेर काढले ते मांडुबी लोक, बायकापोरांसकट. शहर त्यांचंच होतं. त्यांनीच या सैन्याला आत घेतलं होतं. ते रोमन तटाशी आले, गुलाम करा पण खायला द्या म्हणून रडले. सीझरने पहारे बसवले आणि कुणाला आत घ्यायचं नाही असा हुकूम दिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, दोनचार ओळींत. पुढे त्यांचं काय झालं ते लिहायची त्याला गरज वाटली नाही.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या शातो गायार किल्ल्याचं, 1203-04 च्या हिवाळ्यातलं. किल्लेदाराने आश्रयाला आलेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने बाहेर सोडलं. पहिल्या तुकड्यांना वेढा घालणाऱ्यांनी वाट दिली, शेवटच्यांना दिली नाही. किल्ल्याचं दारही परत उघडलं नाही. ती माणसं दोन सैन्यांच्या मधल्या उतारावर थंडीत राहिली. बरीच तिथेच मेली. अखेर वेढा घालणाऱ्या फ्रान्सच्या राजा फिलिपला दया आली आणि उरलेल्यांना खायला मिळालं.

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, मलाही खेळात घ्या. मुलं खूश झाली. कुणी मला जादूगार करायला निघालं, कुणी धनुर्धर. मी म्हटलं, मी कोठारावरची म्हातारी कारकून. बळ सर्वांत कमी, शस्त्र चालवता येत नाही, गुडघे दुखतात. आणि तुमच्या ठरावाप्रमाणे मी आत्ता दक्षिण दरवाजाबाहेर उभी आहे. दार वाजवते आहे. फासा टाका.

कुणी टाकेना. गेल्या वेळी विरोधात मत देणारी मुलगी तेवढी हसली. शेवटी नातवाने गोष्ट एक रात्र मागे नेली. नियमात बसतं की नाही, देव जाणे.

मग आम्ही त्या सहा हजारांची यादी करायला बसलो, आणि मला सांगायला हवं, एवढा रंगलेला डाव त्या टेबलावर मी आधी पाहिला नव्हता. न लढणारी माणसं वेढ्यात काय करतात त्याचे दाखलेही मी आणले होते. कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा तट 447 साली भूकंपाने ढासळला, 57 बुरूज कोसळले, आणि तिकडून हूणांचा राजा अटिला याचं संकट. तट साधारण 60 दिवसांत उभा राहिला. कामाला कोण? रथांच्या शर्यतींचे चाहते. निळे आणि हिरवे, एरवी एकमेकांची डोकी फोडणारे. त्याच शहराचा नळमार्ग 626 च्या वेढ्यात आवार नावाच्या टोळ्यांनी तोडला, तो 766 पर्यंत तुटलेलाच होता. एकशे चाळीस वर्षं शहराने टाक्यांवर आणि इतर साठ्यांवर काढली. ती टाकी कुणीतरी उपसली असतील, गाळ काढला असेल. ते काही तलवारवाले नव्हते.

माझ्या सगळ्यांत आवडीची गोष्ट बार्काची आहे, लिबियातल्या एका जुन्या शहराची, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली. इराणी सैन्य नऊ महिने वेढा घालून तटाखाली भुयारं खणत होतं. आतल्या एका तांबटाने पितळी पत्र्याची ढाल घेतली आणि तटाच्या आतल्या बाजूने जमिनीला टेकवत फिरला. बाकी ठिकाणी मुकी, पण खाली खणत असतील तिथे ढाल वाजायची. तिथे उलट खणून शत्रूला मारलं. (बार्का पुढे पडलंच, पण भुयाराने नाही, खोट्या तहाने. ही जमीन टिकेल तोवर शपथ टिकेल असं सांगितलं आणि शपथ घेतली ती फळ्या टाकून झाकलेल्या खड्ड्यावर. राक्षसांशी तह लिहिणाऱ्या लेखकांनी ही युक्ती खुशाल घ्यावी.) आमच्या यादीत तांबट चौदा निघाले. मुलांनी त्यांनाच बाहेर काढलं होतं.

आणि ते 2,000 लढवय्ये? उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा इथे रोमन सीमेवरच्या ठाण्यातल्या लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत, शाईने लिहिलेल्या, रोमन सम्राट हेड्रियनने तिथे घातलेल्या भिंतीच्याही आधीच्या. एका पट्टीवर तुकडीची हजेरी आहे. एकूण 752. बाहेरगावी कामावर 456. ठाण्यात 296, त्यातले 31 निकामी: 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. लढण्याजोगे 265. ही पट्टी वाचून मला त्या अनोळखी कारकुनाच्या पाया पडावंसं वाटलं. दुसऱ्या एका पट्टीत कुणीतरी सैनिकाला मोजे, वहाणा आणि चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचं लिहिलं आहे. सीमा ही अशी असते. डोळे येतात, पाय गारठतात. नातवाच्या शहरात एकाचेही डोळे आलेले नव्हते. आता 60 जणांचे आहेत.

काल्पनिक गोष्टीला एवढा हिशोब कशाला, असं कुणी म्हणेल. पण जुन्या गोष्टी सांगणारे याबाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते. रामायणातल्या युद्धकांडात राम हनुमानाला लंकेबद्दल विचारतो तेव्हा सैन्य किती, दारं कशी, रक्षण कसं, हेच विचारतो. आणि हनुमान सांगतो: चार मोठी दारं, दगड फेकणारी यंत्रं, मगरींनी भरलेले खंदक, खंदकांवर चार पूल, प्रत्येक दारावर किती सैन्य. तटबंदीचं शहर तिथे राक्षसांचं आहे हा भाग वेगळा. कॅस्पियन समुद्रालगतच्या दरबंदचंही तसंच. नावाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. सहाव्या शतकातल्या इराणच्या ससानी राजांनी डोंगरापासून समुद्रापर्यंत दोन समांतर भिंती घातल्या, पाण्यातही पुढे नेल्या, आणि दोन्हींच्या मध्ये शहर वसलं. पलीकडे याजूज-माजूज, म्हणजे जुन्या धर्मकथांतल्या रानटी टोळ्या, कोंडले आहेत असं लोक पुढे कित्येक शतकं मानत आले. राक्षसांना अडवणाऱ्या भिंतीच्या गोष्टीला जगात एवढं खरं ठिकाण आहे, आणि तिथेही भिंतींच्या मध्ये माणसं राहत होती, बुरूज नव्हेत.

आपल्या लेखकाला माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या लेखात एका तरी शहराच्या कोठारावर कोण बसतं ते लिहावं. वेढ्यात दार उघडतं की नाही याचा निकाल त्याच्या वहीत लागतो, मनोऱ्यावर नाही.

आमच्या खेळाचं म्हणाल तर आज एकोणिसावा दिवस. कुणालाही बाहेर काढलेलं नाही. पहिले दहा दिवस पूर्ण शिधा दिला, नंतर लढणाऱ्यांना 600 ग्रॅम आणि बाकीच्यांना 400 केला. सेनापती झालेला मुलगा माझ्यावर चिडलेला आहे. चौदा तांबट रात्री तटाकडेने फिरतात, एक भुयार सापडलं. शिल्लक 85 टन आणि काही पोती, पुरेल जेमतेम 23 दिवस. कुमक यायला 71 आहेत. हिशोब जुळत नाही, आणि त्यात उंदरांची घट मी अजून धरलेली नाही.

आपली,
एक निवृत्त गोदाम कारकून
(नाव छापू नये. मुलं पेपर वाचतात आणि शिल्लक त्यांना अजून सांगितलेली नाही.)