छोटी गाडी त्यांना कधी आवडलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या टॅरिफच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतायत आणि सकाळी आमच्या कट्ट्यावर त्यावरून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, की आधी जपान मग कोरिया आणि आता चीन, या सगळ्यांनी स्वस्तात गाड्या ओतून बिचाऱ्या अमेरिकन कंपन्यांची वाट लावली, मग २०२५ मध्ये ट्रम्पनी बाहेरच्या गाड्यांवर २५ टक्के टॅक्स लावला तर बिघडलं कुठे. मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं क्वालिटीला काढली, गाड्यांचे पार्ट तपासण्यात केस पांढरे झाले, त्यामुळे मला हे पटत नाही. नाचता येईना अंगण वाकडं यातलाच प्रकार आहे हा.

साठच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक जनरल मोटर्सची (जीएमची) असायची, आता साधारण सहातली एक. हे काय एका रात्रीत झालं का? १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा अमेरिकन गिऱ्हाईक पहिल्यांदा छोटी गाडी मागायला लागलं. तशी डेट्रॉइटवाल्यांकडे, म्हणजे या अमेरिकन कंपन्यांकडे, छोटी गाडी आधीपासून होती, जीएमच्याच शेवरोले ब्रँडची वेगा आणि फोर्डची पिंटो, पण वेगाचं अॅल्युमिनियमचं इंजिन तापून खराब व्हायचं आणि पत्रा गंजायचा, आणि पिंटोला मागून धडक बसली की पेट्रोलच्या टाकीला आग लागायची, त्यापायी १९७८ मध्ये १५ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायला लागल्या. आता मला सांगा, ज्या कंपन्या कॅडिलॅकसारखी आलिशान गाडी बनवत होत्या त्यांना छोटी गाडी धड बनवता येत नव्हती असं थोडंच आहे? मनातून बनवायचीच नव्हती. छोट्या गाडीत पैसा नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे तिच्यावर खर्चही तसाच आणि लक्षही तसंच.

कामगार आळशी, युनियन माजलेली, हेही लोक म्हणतात. त्यावर एकच उदाहरण देतो आणि ते मी आमच्या पोरांना ट्रेनिंगमध्येही सांगायचो. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जीएमचा एक प्लांट होता, गैरहजेरी, भांडणं, लाइनवर दारू, अख्ख्या कंपनीत बदनाम. १९८२ ला तो बंद केला. मग १९८४ मध्ये जीएम आणि टोयोटाने मिळून तोच प्लांट नुम्मी नावाने परत चालू केला आणि कामावर घेतले ते बहुतेक जुनेच कामगार आणि युनियनही तीच! फक्त पद्धत टोयोटाची. म्हणजे पार्ट नीट बसला नाही तर कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची, अडचण सुटली नाही तर लाइन थांबणार, आणि थांबवली म्हणून त्याला कोणी झापणार नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी जपानमधल्या प्लांटच्या जवळ जाऊन पोचली. जीएमने आपले मॅनेजर तिथे शिकायला पाठवले, ते शिकून परत गेले आणि आपल्या जुन्या प्लांटमध्ये गेल्यावर त्यांचं कोणी ऐकेना, कारण तिथे दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या त्यावरच सगळं चालायचं, लाइन थांबवणं म्हणजे पाप. त्याच काळात जीएमचे चेअरमन रॉजर स्मिथ रोबोट घेण्यात अब्जावधी डॉलर घालत होते. आज भोसरीतल्या दहा बाय वीसच्या शेडमध्येसुद्धा फाइव्ह एसचा, म्हणजे जपानी पद्धतीच्या नीटनेटकेपणाचा बोर्ड असतो (पाळतात किती ते सोडा), आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात टोयोटाची शिकवणी चालू होती त्यांना ते पसरवायला वर्षानुवर्षं लागली. २०१० ला तो प्लांट टेस्लाने घेतला, ते वेगळंच.

पेन्शन आणि रिटायर लोकांच्या दवाखान्याचा बोजा होता हे मात्र मान्य, दर गाडीमागे हजार दीड हजार डॉलर त्यातच जायचे. पण त्या करारांवर सह्या मॅनेजमेंटनेच केल्या ना, आज पगार वाढवण्यापेक्षा उद्याचं पेन्शन कबूल केलं की यंदाचा नफा चांगला दिसतो म्हणून.

आता टॅक्सचं. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर टॅक्स लावला म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेने चिडून बाहेरच्या छोट्या ट्रकवर २५ टक्के टॅक्स बसवला, कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं पण ट्रकवरचा टॅक्स अजून आहे. त्याच्या आडोशाला पिकअप ट्रकचा धंदा डेट्रॉइटला जवळजवळ आंदण मिळाला. मग १९८१ ला रेगनच्या काळात जपानला वर्षाला १६.८ लाखच गाड्या पाठवायला लावल्या. जपान्यांनी काय केलं, तर गाड्या मोजूनच पाठवायच्यात तर महागातल्या पाठवू म्हणून पुढे अॅक्युरा आणि लेक्सस काढल्या, आणि होंडाने १९८२ पासून ओहायोतच अकॉर्ड बनवायला घेतली. म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवायचं होतं ते माजघरात येऊन बसले. डेट्रॉइटवाल्यांनी तेवढ्या वेळात पैसा कमावला आणि नव्वदच्या दशकात पेट्रोल स्वस्त झाल्यावर सगळा जोर मोठ्या एसयूव्हीवर लावला, एका गाडीत हजारो डॉलर सुटत होते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाल्ला. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, मग बँका बुडाल्या, आणि नोव्हेंबरात जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे साहेब सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते आपापल्या प्रायव्हेट जेटने! शिव्या बसल्या तेव्हा पुढच्या महिन्यात गाड्यांनी आले. फोर्डने २००६ मध्येच आपला निळा लोगोसुद्धा गहाण टाकून कर्ज उचललेलं म्हणून ती वाचली, क्रायस्लर आणि जीएम मात्र २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती सुझुकीची. बऱ्याच लोकांना माहीत नसतं की जीएमने १९८१ मध्येच सुझुकीचे शेअर घेतले होते आणि नंतर वाढवत वाढवत २० टक्क्यांपर्यंत नेले. म्हणजे आपल्याकडे घरोघरी मारुती ८०० येत होती तेव्हा ती गाडी ज्या कंपनीची त्या कंपनीत जीएमची भागीदारी होती. आणि २००५ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर तोटा झाल्यावर पैसे उभे करायला त्यांनी काय विकलं, तर २००६ मध्ये सुझुकीचे बहुतेक सगळे शेअर, उरलेले ३ टक्के २००८ मध्ये. नेमक्या त्याच २००८ च्या सप्टेंबरात आमच्या तळेगावला जीएमचा नवा कोरा प्लांट सुरू झाला, छोट्या गाड्यांसाठी, आणि नऊ महिन्यांत तिकडे मूळ कंपनी कोर्टात. स्पार्क काय, बीट काय, दोन्ही मुळात कोरियाच्या दैवूकडच्या. गाड्या वाईट नव्हत्या, माझ्या मेहुण्याने स्पार्क नऊ वर्षं चालवली, पण कंपनीचं धोरण दर दोन वर्षांनी बदलायचं, कधी कोरियन मॉडेल, कधी चिनी भागीदार, नंतर फक्त एक्स्पोर्ट. २०१७ संपता संपता भारतात विक्री बंद, डिसेंबर २०२० ला तळेगावचं उत्पादन बंद. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं.

आणि एवढं होऊनही २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं की अमेरिकेत मस्टँग सोडून बाकी कार हळूहळू बंद, पिकअप आणि एसयूव्हीच विकणार. माझी बहीण मिशिगनमध्ये नोव्हीला असते, तिकडे अजून अमेरिकन गाड्या भरपूर दिसतात कारण घरटी कोणीतरी कंपनीत आणि डिस्काउंट मिळतो, पण तीच म्हणते की पोरगी कॉलेजला गेली तेव्हा पहिली गाडी म्हणून सेकंडहँड कोरोलाच घेतली, दुसरं काय घेणार. नवीन गाडीची सरासरी किंमत तिकडे पन्नास हजार डॉलरच्या घरात गेलीय. गंमत म्हणजे शेवरोलेची आजची स्वस्तातली ट्रॅक्स कोरियातूनच येते, म्हणजे त्यांच्याच सरकारचा टॅक्स त्यांच्याच छोट्या गाडीवर बसतोय.

तळेगावचा प्लांट २०२३ मध्ये ह्युंदाईने घ्यायचा करार केला त्याची बातमी तुम्ही पहिल्या पानावर दिलीत, चांगलं केलंत. पण जीएमच्या कामगारांचा वाद त्याआधीपासून चालू होता, त्यातले कितीतरी पस्तिशी-चाळिशीतले होते, घराचे हप्ते चालू असलेले. त्यातले कितीजण आज कुठे कामाला आहेत, त्याच गेटमधून परत आत गेले की चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागले की गावाला गेले, यावर एकदा तुमच्या बातमीदाराला तळेगावला पाठवून लिहायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड