कॅलगरी स्टँपिडमधल्या मराठी स्वयंसेवक काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

स्टँपिड म्हणजे कॅनडातल्या कॅलगरी शहरात दर जुलैत भरणारी मोठी जत्रा. तिचे दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक ते दहा दिवस मैदान सांभाळतात. त्या गर्दीत तुम्ही तीन पिढ्यांच्या मराठी कुटुंबांना पाळणे आणि रोडिओ (उधळणाऱ्या घोड्या-वळूंवरची स्वारी आणि गुरं पकडण्याचे खेळ) एकाच दिवसात कसे बसवायचे हे उलगडून सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघड लिहितोय, कारण तुमचा सल्ला पुढच्या जुलैत येणाऱ्यांनाही लागेल.

सगळ्यात मोलाचं म्हणजे आधी रोडिओची वेळ धरा आणि पाळणे तिच्या भोवती बसवा, हे तुमचं सांगणं. बहुतेकजण उलटं करतात. रोडिओ दुपारी दीडच्या सुमारास सुरू होतो, फाटकं बहुतेक दिवशी 11 ला उघडतात. मधले दोन-अडीच तास मिडवेवर, म्हणजे पाळण्यांच्या भागात, रांगा सर्वांत लहान असतात, म्हणून गरगर फिरवणारे पाळणे तेव्हाच, रिकाम्या पोटी. जेवण त्यानंतर, रोडिओच्या जागेवर बसून. तळलेले मिनी डोनट्स खाऊन लगेच चक्रात बसलं की काय होतं, ते प्रत्येक पाळण्याखाली बादली घेऊन उभ्या असलेल्या पोरांना विचारावं. रोडिओ सुटला की सगळं स्टेडियम मिडवेवर ओतलं जातं. तेव्हा तिकडे न फिरकता गुरांचे गोठे, घोडे आणि एल्बो रिव्हर कँप पाहायचा. तिथे ट्रीटी 7 (इथल्या मूळ रहिवाशांचा राजसत्तेशी झालेला करार) मधल्या सिक्सिका, काइनाय, पिकानी, त्सूटिना आणि स्टोनी नाकोडा लोकांचे टिपी, म्हणजे शंकूसारखे तंबू, असतात. पाळण्यांची दुसरी फेरी संध्याकाळच्या चकवॅगन (घोडे जुंपलेल्या छपराच्या गाड्या) शर्यती चालू असताना करायची, कारण तेव्हा लोक पुन्हा स्टँडमध्ये गेलेले असतात. जुलैत दहाच्या आसपासपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलं दमली तरी दिवस संपत नाही.

उंचीच्या रेषेबद्दलही तुम्ही बरं केलंत. तिकिटं घेण्याआधी मुलाला मोजावं, बुटांसह आणि बुटांशिवाय. पाळण्यागणिक मर्यादा वेगळी असते आणि ती फळीवर लिहिलेली असते. बोट भर कमी पडलं तर कर्मचारी ऐकत नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये. सुरक्षेचा दांडा विशिष्ट मापाच्या शरीरासाठी बसवलेला असतो, लहान अंग त्याखालून निसटतं. दिवसभर पाळण्यांत बसू देणारा मनगटावरचा पट्टा घ्यायचा की सुटी तिकिटं, हा हिशेबही सोपा: मूल सगळ्या पाळण्यांत बसू शकत असेल तरच पट्टा. आजी-आजोबांना फक्त मैदानाचं प्रवेश तिकीट पुरतं, आणि ज्यांचं रोडिओचं तिकीट आहे त्यांना त्या दिवशी प्रवेशाचं वेगळं तिकीट लागत नाही.

आता रोडिओ. इथे तुमच्या समजावण्याशिवाय ते नुसतं धूळ उडवणं वाटलं असतं. बेअरबॅक (खोगिराशिवाय घोड्यावर), सॅडल ब्राँक (खोगीर घातलेल्या घोड्यावर) आणि बुल रायडिंग (वळूवर) या तिन्हींत स्वाराला आठ सेकंद टिकायचं असतं, एकाच हाताने. मोकळा हात जनावराला, स्वतःला किंवा साजाला लागला की गुण शून्य. गुण शंभरांपैकी, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे जनावराचे. म्हणूनच घोडा मवाळ निघाला तर स्वार आठ सेकंद बसूनही मागे राहतो, आणि पंच त्याला दुसरं जनावर देऊ करू शकतात. घोड्यांच्या दोन्ही प्रकारांत पहिल्या उडीला टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर टेकलेल्या हव्यात. पुष्कळ स्वार तिथेच बाद होतात, आणि प्रेक्षकांना कळतच नाही का. वळूच्या दोरीला खाली घंटा असते ती शोभेसाठी नाही. स्वाराने हात सोडला की तिच्या वजनाने दोरी गळून पडते. आणि जनावराच्या कमरेवरच्या पट्ट्याबद्दल मुलांना कुणीतरी काहीबाही सांगतंच: तो मागच्या पायांच्या पुढे, पोटाभोवती बांधतात, वृषणांना नाही. त्याच्या दाबाने जनावर मागचे पाय झटकतं.

घड्याळ लावून वेळ मोजतात ते खेळ मुलांना लवकर उमगतात. बॅरल रेसिंगमध्ये स्त्रिया तीन पिंपांभोवती तीन पाकळ्या काढत घोडा पळवतात. पिंप आडवं झालं की पाच सेकंद दंड. दुसऱ्या खेळात स्वार घोड्यावरून झेपावून खोंड लोळवतो; त्या खोंडाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक घोडेस्वार धावतो, खोंड सरळ रेषेत ठेवण्यासाठी. रस्सी टाकून वासराचे तीन पाय बांधतात तो खेळ मात्र लहानांना बघवेलच असं नाही. त्या वेळेला पाणी भरायला न्यावं, ही तुमची सूचना आम्हाला फार समजूतदार वाटली.

चकवॅगनवर तुम्ही गुळमुळीत बोलला नाहीत, हेही नमूद करतो. 2019 मध्ये इथे सहा घोडे दगावले, त्यानंतर एका फेरीत गाड्या चारऐवजी तीन झाल्या. बैलगाडा शर्यतीवर 2014 ला आलेली बंदी आणि 18 मे 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे हा वाद आम्हाला परका नाही. मुलांनी विचारलं तर लपवू नका, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

शाकाहारी मंडळींसाठी तुम्ही दिलेली माहिती तर कुठल्याच फलकावर नसते. स्टँपिडच्या दिवसांत सकाळी वाटतात त्या मोफत पॅनकेकच्या पिठात अंडं असतं, तव्यावर बहुधा सॉसेज भाजलेलं असतं. पूतिनची (चीज आणि ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाटे) ग्रेव्ही बहुतेकदा मांसाची, बीन्समध्येही डुकराचं मांस असण्याचा संभव. मक्याचं कणीस आणि बटाट्याचे चकलीसारखे तळलेले काप हे सुरक्षित, पण विचारून घ्यावं.

कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच आहे. हवा गार असली तरी ऊन चटकन भाजतं, आणि दुपारी ढग भरून गारा पडू शकतात. वीज चमकू लागली की पाळणे थांबतात. टोपी, सनस्क्रीन, प्रत्येकाला जॅकेट. मुलाचा सकाळीच एक फोटो काढून ठेवायचा: हरवलं तर त्या दिवसाचे कपडे दाखवता येतात.

परतीची युक्ती शेवटची. आतषबाजी संपली की सगळे व्हिक्टोरिया पार्क स्टेशनवर जमतात. शहराच्या मध्याकडे जायचं असेल तर मैदानाच्या दक्षिणेच्या अर्लटन स्टेशनवर चालत जावं. दक्षिणेकडून येणारी गाडी आधी तिथे थांबते, मग व्हिक्टोरिया पार्कला, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त.

पुन्हा एकदा आभार, काकू.

आपली,
भारतातून आलेली पाहुणे मंडळी