साखर फळातली आणि पेल्यातली

संपादक महोदय,

‘फळातली साखर शेवटी साखरच’ हे वाक्य माझ्यासारख्या वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याला उठता-बसता ऐकावं लागतं. आपल्या आरोग्य पुरवणीतल्या लेखाचाही सूर तोच होता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खरं आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज दोन्हीकडे तेच. पण आपण खातो ते अख्खं फळ. मध्यम आकाराच्या सफरचंदात साधारण १९ ग्रॅम साखर आणि चार ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. ते चावावं लागतं, त्याच्या पेशींत अडकलेली साखर रक्तात सावकाश उतरते. त्याच फळाचा रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि दोन-तीन सफरचंदांचा ऐवज चार घोटांत संपतो. तेवढी सफरचंदं एका बैठकीत खाऊन दाखवा! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत फळांचा रस आणि मध यांना ‘मुक्त साखरे’त, म्हणजे कमी खावी असं ती सांगते त्या साखरेत, धरलं, अख्ख्या फळाला नाही.

माझी खरी तक्रार मात्र आमच्याच मंडळींबद्दल आहे. खजूर वाटून केक करायचा आणि तो ‘साखरविरहित’ म्हणून मधुमेही पाहुण्याच्या ताटलीत बिनधास्त वाढायचा! खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते. त्यात तंतू आहेत, मान्य. पण तेवढ्यावरून दुसऱ्या तुकड्याची साखर काही फुकटात जात नाही.

आपल्या पुरवणीत अशा पाककृती नेहमी येतात. त्यांच्याखाली एका तुकड्यातली एकूण साखर ग्रॅममध्ये छापता येईल का?

आपला,
एक नियमित वाचक